काट्याचं तोंड कुणाकडे?

पहाटे साडेपाचला गावातल्या दूध संकलन केंद्राचं शटर वर जातं. किटल्या, चरव्या, प्लास्टिकचे कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असतात. आत टेबलामागे संस्थेचे सचिव बसलेले, शेजारी फॅट काढायचं यंत्र आणि समोर इलेक्ट्रॉनिक काटा. काट्याचे आकडे सचिवांकडे तोंड करून आहेत. दूध ओतणाऱ्याला दिसते ती काट्याची पाठ.

"किती भरलं, अण्णा?"

"चार-तीन."

"काल चार-चार हुतं की."

"गाय काय रोज सारखंच देतीय व्हय, वैनी?"

आकडा होता 4.37. वहीत उतरला 4.3. पुढची किटली येते, 5.86 चे 5.8 होतात. कुणी हुज्जत घालत नाही, कारण मागे रांग आहे, पोरांची शाळा आहे, गोठ्यात शेण तसंच पडलंय. हे केंद्र कुठल्या एका गावाचं नाही. मी पाहिलेल्या, ऐकलेल्या अनेक केंद्रांचं मिळून ते बनलं आहे.

हिशेब करून पाहू. प्रत्येक खेपेला दशांशानंतरचा दुसरा आकडा सोडून दिला, तर एका किटलीमागे सरासरी 50 मिलिलिटर दूध वहीबाहेर राहतं असं धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून 100 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाइतकं. वर्षाचे झाले साडेछत्तीस लिटर. लिटरला 32 रुपये दर धरला तर त्या वहिनींचे वर्षाला 1,168 रुपये जातात. एवढ्यासाठी कुणी पोलिसात जाणार नाही. पण केंद्रावर 200 जण दूध घालत असतील, तर रोज 20 लिटर आणि वर्षाला 7,300 लिटर दूध कुणाच्याच नावावर नसतं. त्याची किंमत 2,33,600 रुपये. एकाचं पाहिलं तर किरकोळ आणि गावाचं पाहिलं तर दोन लाखांवर, अशा रकमांमध्येच धंद्यातली नीती खरी पणाला लागते. मोठा दरोडा सगळ्यांना दिसतो. कपभर दूध कुणालाच दिसत नाही.

आता सचिवांची बाजू ऐकू, कारण तीही खोटी नाही. तपासणीसाठी प्रत्येकाच्या दुधातून नमुना काढावा लागतो. ओतताना सांडतं, कॅनच्या आतल्या बाजूला फेस चिकटून राहतो. गाडी तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोचली की तिथला काटा वेगळं वजन दाखवतो आणि आलेली तूट संस्थेच्या बिलातून कापली जाते. ती तूट सचिवाने कुठून भरायची? त्याचा पगार एखाद्या वॉचमनपेक्षाही कमी असतो. वरचा त्याच्या मापात कापतो आणि तो खालच्यांच्या मापात कापतो. वरच्याला विचारलं तर तोही त्याच्या वरच्याकडे बोट दाखवेल. साखळीतला प्रत्येकजण आपली तूट खाली ढकलतो आणि शेवटी ती पोचते तिच्यापर्यंत, जिच्या खाली ढकलायला कुणीच उरलेलं नाही. ती म्हणजे किटली घेऊन उभी असलेली बाई.

मला वाटतं, सचिवाची चूक तूट धरण्यात नाही. दुधाच्या धंद्यात तूट येणारच. चूक आहे ती न सांगण्यात. दर दहा दिवसांच्या बिलावर "नमुना व सांडलवंड, शेकडा अमुक" अशी एक ओळ छापली, तर तोच व्यवहार सरळ होईल. पण ती ओळ छापली की दुसऱ्या दिवशी रांगेतून प्रश्न येतील. एवढी कशी? मागच्या महिन्यात कमी होती ना? खर्ची न पडलेलं दूध कुठं गेलं? हे प्रश्न नको असतात, म्हणून ओळ छापली जात नाही. दिवाळीला फरकाची रक्कम वाटतो की, असं उत्तर सचिव देतील. पण आपल्याच कापलेल्या दुधातून किती परत आलं हे जिला कळत नाही, तिने त्या फरकाबद्दल आभार मानायचे की हिशेब मागायचा?

ही गोष्ट आजची नाही. मराठीतले शब्दच तिची साक्ष देतात. वजनात फसवण्याला आपण दांडी मारणं म्हणतो, काटा मारणं म्हणतो. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल यावीत म्हणून हलक्या पारड्याला जो खडा किंवा धातूचा तुकडा बांधत, तो पासंग. पासंग बांधणं हे मुळात प्रामाणिकपणाचं काम होतं. त्याच जागी दोन तोळे जास्त बांधले की तो लबाडीचा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कळतं फक्त बांधणाऱ्याला. आणि 'मापात पाप' हा शब्दप्रयोग तर घराघरांत आहे. इतर कुठल्या लबाडीला आपल्या भाषेने असं यमक जुळवून नाव दिल्याचं मला आठवत नाही.

धान्य पायलीने मोजत तेव्हा आणखी एक जागा होती, शीग. मापाच्या कडेवर धान्याचा जो शंकू राहतो ती शीग. शीग लावून मोजायचं की हात फिरवून सपाट करायचं, यावर एका पायलीत मूठ-दोन मुठी धान्य इकडचं तिकडे होई. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, ही सावकाराची ओळख होती. खुद्द मापंही एकसारखी नव्हती. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. 1956 च्या कायद्यानंतर आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, तेव्हा हा घोळ संपला. दशमान पद्धतीकडे आपण हिशेबाची सोय म्हणून पाहतो. माझ्या मते तिने केलेलं मोठं काम वेगळंच आहे. दोन गावांच्या पायल्यांतला फरक ज्याला ठाऊक होता, त्याचा फायदा तिने काढून घेतला.

राज्यकर्त्यांना हे दुखणं फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजन-मापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजनं लोखंडाची असावीत किंवा मगध आणि मेकल भागातल्या दगडाची असावीत, म्हणजे ती पाण्याने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत, इतका बारकावा तिथे आहे. दर चार महिन्यांनी मापं तपासून शिक्का मारून घ्यायचा. नाही घेतला तर सव्वासत्तावीस पण (त्या काळचं नाणं) दंड. आजच्या वैधमापनशास्त्र कायद्यात साध्या वजनांची पडताळणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करायची असते. म्हणजे मुदतीच्या बाबतीत कौटिल्य आपल्यापेक्षा कडक होता.

पण शिक्का मारलेल्या काट्यावरही पाप करता येतं, आणि ते कसं हे पाहायचं तर बाजारपेठेत गेलं पाहिजे. वऱ्हाडात कारंजा इथे 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पाठोपाठ 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा इंग्लंडच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी दरात हवा होता, हे कारण मोठं होतं. तरी त्या कायद्यांनी ज्या चालींवर बोट ठेवलं, त्या पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रातल्या बाजारांत दिसत राहिल्या. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, अडत, हमाली, तोलाई, वाराई कापली जायची. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या कामाच्या मोबदल्याच्या होत्या. पण त्यांच्या जोडीला कडता असायचा, म्हणजे ओल, माती, बारदान यांच्या नावाखाली अंदाजाने धरलेली वजनातली सूट. नमुना म्हणून उचललेली ओंजळ परत पोत्यात पडत नसे. आणि धर्मादाय असायचा.

धर्मादायाजवळ थोडं थांबू. शेतकऱ्याच्या पैशातून शेकडा काही कापायचं आणि ते देवळाला, पांजरपोळाला, धर्मशाळेला द्यायचं. काम पुण्याचंच होतं आणि अनेक ठिकाणी ते पैसे खरोखर तिथे पोचतही असतील. पण दान देणाऱ्याला विचारलेलं नसायचं. ज्याच्या घामाचे पैसे, त्याचं नाव कुठल्याच पायरीवर कोरलं गेलं नाही. इथे मला तुकोबांची आठवण येते. ते स्वतः वाण्याच्या घरातले, पिढीजात दुकानदारी आणि सावकारी असलेले. परंपरा सांगते की कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबाला त्यांनी त्याच्या वाट्याची खतं काढून दिली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. कीर्तनांतून आपण विरक्तीची गोष्ट म्हणून ती ऐकतो. मला ती हिशेबाची गोष्टही वाटते. उदार व्हायचं तर आपल्या वाट्यापुरतं व्हायचं. भावाच्या वाट्याचं पुण्य परस्पर करायचं नाही. बाजारातल्या धर्मादायाला हे साधं गणित लावलं असतं, तर तो एक दिवसही टिकला नसता.

दुसरी चाल रुमालाची. सौदा ठरवताना खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेतकरी दोन हातांवर उभा, माल त्याचा, पण भाव कळायचा तो सौदा झाल्यावर. नियंत्रित बाजारात उघड लिलाव सक्तीचा झाला तो यासाठी. इथे खरी कोंडी अडत्याची होती आणि ती आजही पुरती सुटलेली नाही. कागदावर तो शेतकऱ्याचा माणूस. शेतकऱ्याच्या मालाला जास्त भाव मिळवून देणं हे त्याचं काम. पण शेतकरी वर्षातून चार वेळा येणार आणि खरेदीदार रोज येणार. शेतकऱ्याला पेरणीला उचल अडत्यानेच दिलेली, म्हणजे शेतकरी कुठे जाणार नाही याची खात्री; खरेदीदार मात्र नाराज झाला तर शेजारच्या गाळ्यावर जाईल. अशा जागी बसलेला माणूस स्वभावाने कितीही भला असला तरी त्याचं पारडं रोज थोडं थोडं कुणाकडे झुकेल? नीतीचा प्रश्न नेहमी माणसाच्या मनात शोधायचा नसतो, काही वेळा तो माणसाला बसवलेल्या जागेत असतो. 2016 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला, तो ही जागा बदलण्याचा प्रयत्न होता. व्यापाऱ्यांनी त्याला मोठा विरोध केला. अडत खरेदीदाराच्या बिलात गेली तरी तो तेवढा भाव उतरवून बोलू शकतो, हेही खरं आहे. म्हणून एका निर्णयाने न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण पट्टीतून एक वजाबाकी कमी झाली आणि तेवढा हिशेब शेतकऱ्याला वाचता आला, हे कमी नाही.

काही पेच असे असतात की दोन्ही बाजूंना पोटाचा प्रश्न असतो. बाजार समितीत वजन करणारा मापारी हा व्यापाऱ्याचा नोकर नसावा, तो स्वतंत्र, परवानाधारक असावा, हा विचार फार मोलाचा होता. मापारी आणि हमाल या वजनं उचलणाऱ्या माणसांच्या हक्कांसाठी पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. पुढे भुईकाटे आले. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, भरलेलं आणि रिकामं वजन छापून येतं. मग मापाऱ्याने मोजलंच नाही तर तोलाई का कापायची, असं शेतकरी विचारू लागला. त्याचं बरोबर आहे. आणि ज्या मापाऱ्याची हयात त्या कामात गेली, त्याने काय करायचं, हा प्रश्नही बरोबर आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारपेठा बंद पडल्या होत्या, तेव्हा दोन्हीकडे कष्टकरीच उभे होते. माझं मत असं की न केलेल्या कामाची मजुरी कांदा उत्पादकाच्या पट्टीतून जाऊ नये. आणि यंत्राने ज्यांचं काम गेलं त्यांचा भार यंत्राने ज्यांचा खर्च वाचला त्यांनी उचलावा. हे सांगायला सोपं आहे, ठरवायला अवघड आहे, तरी कुठल्या दिशेने जायचं एवढं तरी त्यातून दिसतं.

उसाच्या पट्ट्यात काट्याचा प्रश्न आणखी तापतो, कारण तिथे काटा कारखान्याचा, गेट कारखान्याचं आणि माल नाशवंत. ऊस तोडल्यावर तासागणिक वाळतो. काटामारीचा संशय दर हंगामात उठतो, महसूल आणि वैधमापनाचे अधिकारी, शेतकरी प्रतिनिधी यांची भरारी पथकं नेमली जातात. प्रत्येक कारखान्यात काटा मारला जातो असं कुणी म्हणू नये. पण आकडे काय सांगतात ते पाहा. दिवसाला 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात वजन शेकडा एकाने कमी धरलं गेलं, तर दिवसाला 50 टन ऊस कुणाच्याच खात्यावर नाही. 2024-25 च्या हंगामाचा एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, होता 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये. त्या दराने हे रोजचे 1,70,000 रुपये. एवढी रक्कम जिथे एका काट्यावर अवलंबून आहे, तिथे "आमच्यावर विश्वास ठेवा" हे उत्तर पुरत नाही. प्रामाणिक कारखान्यानेच बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून येणाऱ्या गाडीचं सगळ्यांच्या पुढे होऊन स्वागत केलं पाहिजे, कारण संशयाने त्याचंही नाव खराब होतं.

शहरातल्या वाचकाला दूध केंद्र आणि भुईकाटा लांबचे वाटत असतील, तर मिठाईचं दुकान जवळ आहे. अर्धा किलो काजूकतली घेतली आणि खोक्यासकट तोलली. खोकं 50 ग्रॅमचं जरी असलं, तरी हजार रुपये किलोच्या भावाने गिऱ्हाइकाने पुठ्ठ्याचे 50 रुपये दिले. हे बेकायदा आहे. मालाचं वजन खोक्याशिवायच धरायचं असतं. इथे मला मालकापेक्षा काउंटरवरच्या पोराचा विचार जास्त सतावतो. गावाकडून आलेला, दुकानाच्या माळ्यावर झोपणारा. "खोकं काढून मोज रे बाळा," असं एखाद्या आजींनी म्हटलं की त्याची नजर गल्ल्याकडे जाते. मालकाने मान हलवली तर तो खोकं काढतो. काट्याला हात त्याचा लागतो, शिव्या तो खातो, फायदा त्याचा नसतो. म्हणून तो निर्दोष का? पूर्ण नाही. पण नोकरी जाईल या भीतीने गप्प बसणारा आणि ती भीती घालणारा, यांच्या अंगावरचं ओझं सारखं धरणं हाही मापातला दोषच आहे. 2017 मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांच्या यंत्रांत बसवलेल्या चिप सापडल्या, तेव्हा हेच दिसलं. गाडीत नळी धरणारा वेगळा, चिप बसवणारा वेगळा, पैसे मोजणारा वेगळा. लबाडी जितकी बारीक यंत्रात शिरते, तितकी जबाबदारीही तुकड्यांत वाटली जाते.

आणि मग पाच रुपयांचं बिस्किटाचं पाकीट. किंमत वर्षानुवर्षं तीच, आतली बिस्किटं मात्र कमी होत गेलेली. कायदा मोडलेला नाही. नवं वजन पाकिटावर छापलेलं आहे. सचिवांना मी जो सल्ला दिला, छापा आणि उघड करा, तो इथे पाळलेला दिसतो. तरी मन मानत नाही, कारण वजन अशा जागी आणि अशा अक्षरात आहे की रोज पाकीट घेणाऱ्या मजुराला ते वाचता येऊ नये. उघड सांगणं म्हणजे समोरच्याला कळेल असं सांगणं. अलीकडच्या नियमांनी बऱ्याच पाकिटांवर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापणं सक्तीचं केलं, ते याचसाठी. दोन पाकिटं हातात घ्या आणि तो आकडा शोधा. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही, हे कळेल.

गिऱ्हाइकानेही हात झटकू नयेत. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, त्या काळात ग्राहक संरक्षणाचा कायदा यायला अजून दहा-बारा वर्षं होती. मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासदांनी शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले, महिन्याचा माल एकत्र मागवला आणि आपसांत स्वतः वाटून घेतला. अशा वाटपात एखादीला पाव किलो तूर कमी गेली तर दुसरीला ती तोंडावर विचारू शकते. मापात पाप करायला अंतर लागतं आणि ते अंतर या बायकांनी मिटवलं होतं.

पुन्हा त्या केंद्रावर जाऊ. इलेक्ट्रॉनिक काट्याला दोन्ही बाजूंनी आकडे दाखवणारी पाटी जोडता येते. तीही नको असेल तर आहे तोच काटा टेबलावर अर्धा फिरवला तरी पुरतं. खर्च काहीच नाही. तुम्ही दूध संस्थेचे संचालक असाल, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसत असाल, भाजीची गाडी लावत असाल, तर उद्या सकाळी दुकान उघडल्यावर आधी एवढं करा. काटा फिरवा आणि पडताळणीचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल अशा भिंतीवर लावा. ते दिसेल असं लावणं कायद्याने आधीच बंधनकारक आहे.